बंदरातलं ‘शेवाळ’ आणि कर्करोगाचं औषध

जहाजाच्या बुडाला किंवा धक्क्याच्या खांबाला चिकटलेला जांभळट-तपकिरी झुपका दिसला, की शेवाळ म्हणून आपण मोकळे होतो. पण हा झुपका, म्हणजे ‘बुगुला नेरिटिना’, शेवाळ नव्हे, वनस्पतीही नव्हे. भिंगाखाली धरा: फांदीवर ओळीने मांडलेल्या पेट्या दिसतात. प्रत्येक पेटीत एकेक प्राणी, मिलिमीटरहूनही लहान. शुंडकांचा मुकुट बाहेर काढून तो पाण्यातले सूक्ष्मजीव टिपतो आणि धक्का लागताच मुकुट झटकन आत घेतो.

समुद्रप्रवाहांनी हा प्राणी जगभर नेला, हाही समजच. याची अळी जेमतेम काही तास पोहते. तेवढ्यात महासागर कुठला ओलांडणार? ते काम जहाजांनी केलं. बुडाला काही चिकटू नये म्हणून तांबं मिसळलेला रंग लावतात, पण ज्याने पुष्कळ जीव मरतात, तेवढं तांबं हा पचवतो.

‘या प्राण्यापासून कर्करोगावर औषध मिळतं’ या वाक्यात दोन चुका आहेत. हे ‘औषध’ म्हणजे ब्रायोस्टॅटिन-१ हे रसायन; त्याची रचना रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९८२मध्ये उलगडली. पण ते प्राणी नव्हे, त्याच्या आत राहणारा जिवाणू बनवतो. अळ्यांना या रसायनाचा फायदा रोखीत मिळतो: चव इतकी वाईट, की मासे त्या थुंकून टाकतात. दुसरी चूक औषधाची. रुग्णांवरच्या चाचण्यांत एकट्या ब्रायोस्टॅटिनने फारसं काही साधलं नाही. वर तीव्र स्नायुदुखी. पुढे अल्झायमरसाठी आणि पेशींत दडलेल्या एचआयव्हीला जागं करून बाहेर काढण्यासाठी त्याच्यावर संशोधन झालं. बातम्यांचे मथळे मात्र चाचणीच्या निकालाआधीच औषध शोधून मोकळे होतात.

आणि सर्वांत लाडका समज: खरवडून काढा, बंदरही साफ आणि औषधही तयार! ऐकायला फर्मास. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुमारे १३ टन ओला माल गोळा केला, तेव्हा हाती लागलं १८ ग्रॅम रसायन. शिवाय तो जिवाणू सगळ्याच वसाहतींत नसतो; कुठल्याही बंदरातला झुपका चालेल असं नाही. स्टॅनफर्डच्या पॉल वेंडर यांच्या गटाने २०१७मध्ये हेच रसायन २९ टप्प्यांत प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. संशोधनासाठी समुद्र खरवडण्याची गरज त्यामुळे उरली नाही. जहाजांची बुडं मात्र अजूनही खरवडावीच लागतात.