‘गृध्रसी’ आणि ‘मणक्यांतील गॅप’

ठाणें, कल्याण, डोंबिवली या बाजूच्या घरांत हल्लीं कोणाची पाठ धरली, कीं ‘मणक्यांत गॅप आली’ असें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. कळ कंबरेखालीं पायांत उतरली, तर तिलाच ‘सायटिका’ म्हणतात. या दोन्ही शब्दांच्या फार पूर्वीं आपल्या वैद्यकांत या पायांत उतरणाऱ्या कळेस ‘गृध्रसी’ ही संज्ञा होती. संज्ञा मागें पडली, तरी तिच्यामागील निरीक्षण आजही उपयोगीं आहे, असें आम्हांस वाटतें.

गृध्र म्हणजे गिधाड. या पक्ष्यास हें नांव ‘गृध्’, म्हणजे हांव धरणें, या धातूवरून मिळालें. रोगी गिधाडासारखा एका अंगास कलून लंगडत चालतो, म्हणून रोगास ‘गृध्रसी’ म्हणावयाचें, असा अर्थ वैद्य सांगतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील २८ व्या अध्यायांत हें दुखणें वातव्याधींत गणलें आहे. वेदना प्रथम नितंबांत उठते आणि कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी क्रमानें जाते, असें तेथें वर्णन आहे. सुश्रुतानें निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत आणखी एक खूण दिली : रोग्यास पाय उचलतां येत नाहीं.

‘सायटिका’ हा शब्द ग्रीक ‘इस्किऑन’, म्हणजे खुबा, यापासून निघाला. त्यांत केवळ स्थानाचा निर्देश आहे. खुब्याच्या सांध्याचें दुखणें निराळें व मज्जातंतूचें निराळें, हा भेद इटलींतील कोतुन्यो यानें १७६४ सालीं केला. पुढें १८८१ सालीं फ्रान्समध्यें फोर्स्ट यानें आपले गुरु लासेग यांची परीक्षा प्रसिद्ध केली. रोग्यास उताणें निजवून त्याचा पाय सरळ ठेवून वर उचलावयाचा, आणि कळ येते कीं काय तें पाहावयाचें. सुश्रुताच्या खुणेशीं हिचें साम्य पाहून कोणासही आनंद होईल. परंतु तेवढ्यावरून पूर्वजांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. सुश्रुतानें कारण सांगितलें तें पायाच्या कंडरेंतील वाताचें. मणक्यांमधील चकती फाटून मज्जातंतूच्या मुळास दाबते, ही गोष्ट अमेरिकेंतील मिक्स्टर व बार यांनीं १९३४ सालीं दाखवून दिली.

आतां ‘गॅप’कडे वळूं. मणक्यांच्या दरम्यान अंतर मुळांतच असतें व त्यांत ही चकती बसलेली असते. वयोमानानें चकती झिजली म्हणजे तें अंतर कमी होतें. क्ष-किरणांच्या चित्रांत डॉक्टर बहुधा हेंच दाखवितात. तेव्हां ‘गॅप आली’ हा प्रयोग वस्तुस्थितीच्या अगदीं उलट आहे, आणि तो निरुपद्रवीही नाहीं. कणा उसवत चालला या भीतीनें मनुष्य महिनोन् महिने अंथरूण धरतो, आणि घरांतील मंडळीही त्यास हालूं देत नाहींत. आजचें वैद्यक झेपेल तितकें हिंडतें फिरतें राहण्यास सांगतें. बहुतेकांचें दुखणें कांहीं आठवड्यांत शस्त्रक्रियेवांचून ओसरतें. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, बैठकीचा भाग बधिर झाला, अथवा पायांतील शक्ति जाऊं लागली, तर लेप व शेक यांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गाठावें.

‘गृध्रसी’ हें नांव ज्यांनीं ठेविलें, त्यांनीं चालणाऱ्या रोग्याकडे नीट पाहिलें होतें. डोंबिवली स्थानकाचा जिना कठडा धरून उतरणारा आपल्या घरचा माणूस दाराशीं आला, म्हणजे त्याच्या दुखण्यास नांव देण्याची घाई करूं नये. कळ कोठून निघते, कोठवर जाते व पाय किती उचलतो, एवढें त्यास विचारावें. डॉक्टरही प्रथम तेंच विचारतील.