उलाळ आणि धुरजड : मोटारीमागील ट्रेलरच्या समतोलाचे विवेचन

मराठी मुलखातील गाडीवानांच्या बोलीत ‘उलाळ’ आणि ‘धुरजड’ अशी परस्परविरोधी शब्दांची एक जोडी आहे. दोन चाकांच्या बैलगाडीत ओझे आसाच्या मागे अधिक झाले की गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, जू वर ओढले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. अशी गाडी उलाळ होय. उलटपक्षी ओझे फार पुढे आले की धुऱ्याचा सारा भार बैलांच्या मानेवर पडतो. अशी गाडी धुरजड होय. या दोन्ही शब्दांत ओझे किती आहे याचा मुळीच उल्लेख नाही. ओझे कोठे आहे, एवढेच ते सांगतात. मोटारीमागे जोडावयाच्या छोट्या प्रवासी ट्रेलरच्या सुरक्षिततेचे मर्मही नेमके येथेच आहे.

मध्यम आकाराच्या एसयूव्हीमागे निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेले लहानसे चाकांवरचे घर जोडून सुटीवर निघण्याचा प्रघात मुख्यतः उत्तर अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलिया येथे आहे. अशा प्रवासाचा विचार करणारा नवखा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो ‘माझी मोटार हे ओढील काय?’ हा. निर्मात्याच्या पुस्तिकेत त्याचे उत्तर असते. अमेरिकेतील अशा अनेक मोटारींची ओढण्याची मर्यादा ३,५०० ते ५,००० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० ते २,२७० किलो असते. परंतु ओढणे आणि आवरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. एअरस्ट्रीम या अमेरिकन ट्रेलरच्या जाहिरातीसाठी १९४७ साली आल्फ्रेड लतूर्नर या फ्रेंच सायकलपटूने सायकलीने ट्रेलर ओढल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सपाट रस्त्यावर ओढण्यास फार बळ लागत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. उतारावर, वाऱ्यात किंवा एकाएकी थांबताना तो ट्रेलर आवरणे त्या सायकलपटूच्या आवाक्यातले नव्हते, हे सांगावयास नको.

ट्रेलरचा पुढचा धुरा मोटारीच्या मागील गोळ्यावर वाटीसारख्या जोडणीने बसतो. त्या गोळ्यावर धुऱ्याचा जो उभा भार पडतो, त्याला अमेरिकन लोक ‘टंग वेट’ म्हणजे जिभेचा भार म्हणतात, ब्रिटिश लोक ‘नोज वेट’ म्हणजे नाकाचा भार म्हणतात, तर जर्मन भाषेत त्याला ‘श्ट्युट्स्लास्ट’ म्हणजे आधारभार असे नाव आहे. पहिली दोन नावे प्राण्याच्या मुखावरून आली, तिसरे यंत्रशास्त्राच्या दृष्टीतून आले. पण तिन्ही नावे एका परिमाणाची आहेत. मराठी जोडी मात्र परिमाणाला नव्हे, तर त्याच्या बिघाडाला नाव देते. याचे कारण उघड आहे. बैलगाडीत भार मोजण्याची गरज नव्हती. बैलाची मान तो तत्काळ सांगत असे. पोलादी गोळा काहीच सांगत नाही. म्हणून जे गाडीवानाला दिसत होते, ते मोटारचालकाला मोजून काढावे लागते.

हा भार किती असावा? अमेरिकेत प्रवासी ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार योग्य मानतात. युरोपातील हलक्या ट्रेलरांच्या बाबतीत हे प्रमाण कमी धरतात; ब्रिटनमध्ये साधारण ५ ते ७ टक्के सांगितले जाते. तेथील गोळ्यांची व मोटारींची भारमर्यादाही बहुधा कमी असते. तेव्हा एका देशाच्या ट्रेलराला दुसऱ्या देशाचा नियम लावू नये. आपल्या मोटारीची व ट्रेलरची पुस्तिका हीच प्रमाण मानावी.

भार कसा बदलतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अमेरिकन पद्धतीच्या एका ट्रेलरचे वजन १,२०० किलो आहे, गोळ्यापासून त्याचा आस ३.६ मीटर मागे आहे आणि गुरुत्वमध्य आसाच्या ०.४ मीटर पुढे आहे, असे समजू. तरफेच्या नियमाने गोळ्यावरील भार १,२०० × ०.४ ÷ ३.६, म्हणजे सुमारे १३३ किलो येतो. हे प्रमाण ११ टक्के, अर्थात समाधानकारक आहे. आता आसाच्या १.५ मीटर मागे असलेल्या टाकीत ८० लिटर पाणी भरले, तर गोळ्यावरचा भार ३३ किलोंनी उतरतो. मग मागच्या टोकाला, आसापासून २.४ मीटरवर, दोन सायकली व त्यांची चौकट मिळून ४० किलो वजन टांगले, तर आणखी २७ किलो उतरतात. एकूण वजन १,३२० किलो झाले, म्हणजे अवघे १० टक्के वाढले; पण गोळ्यावरील भार ७३ किलो, म्हणजे साडेपाच टक्क्यांवर आला. ओझे मोटारीच्या मर्यादेत असूनही गाडी उलाळ होण्याच्या वाटेला लागली.

बैलगाडीच्या वेगात उलाळपणाचा त्रास फक्त बैलाला होतो. मोटारीच्या वेगात त्याचे रूप पालटते. बाणाचे वजन टोकाशी आणि पिसे मागे असतात, म्हणून तो सरळ जातो. ट्रेलरमध्ये पिसांचे काम आसावरची चाके करतात. गुरुत्वमध्य त्यांच्या पुरेसा पुढे असेल, तर वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून गेलेल्या ट्रकमुळे आलेला आडवा झोका दोनतीन हेलकाव्यांत ओसरतो. वेग वाढतो तसतशी ही ओसरण्याची शक्ती घटते. एका विशिष्ट वेगाला ती शून्य होते आणि त्यापुढे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. अखेर ट्रेलर मोटारीलाच फरफटवतो. गोळ्यावरचा भार कमी झाला की हा घातक वेग खाली येतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठातील संशोधकांनी मोटार व ट्रेलर यांवर प्रयोग करून २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांतही गोळ्यावरील भार, आसाची जागा आणि वळण्यास विरोध करणारे ट्रेलरचे जडत्व यांनाच प्राधान्य मिळाले.

यांतील जडत्वाचा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. मागे सायकली टांगल्या म्हणून पुढच्या टोकाला तेवढेच ओझे ठेवले, तर भाराची टक्केवारी सुधारते. परंतु दोन्ही टोके जड झाल्याने सुरू झालेला हेलकावा थांबविणे अधिक कठीण होते. म्हणून जड वस्तू आसाच्या जवळ, किंचित पुढे आणि तळाशी ठेवाव्या. मागील टोक रिकामे असावे. पाणी शक्यतो मुक्कामी पोहोचल्यावर भरावे.

धुरजडपणाही निर्दोष नव्हे. गोळा मोटारीच्या मागील आसाच्या १.२ मीटर मागे असेल आणि मोटारीच्या दोन आसांतील अंतर २.८ मीटर असेल, तर १५० किलोंच्या भाराने पुढच्या चाकांवरचे सुमारे ६४ किलो वजन उचलले जाते व मागच्या चाकांवर २१४ किलो वाढते. पुढची चाकेच दिशा देतात आणि थांबविण्याचा मोठा वाटाही उचलतात. त्यांची पकड अशी सैल होते. शिवाय हा भार मोटारीच्या वाहनक्षमतेतूनच वजा होतो. माणसे, सामान व गोळ्यावरील भार यांची बेरीज दारावरील पट्टीत दिलेल्या आकड्याच्या आत राहिली पाहिजे. भार वाटून देणारी स्प्रिंगची जोडणी पुढच्या चाकांवर काही वजन परत आणते. मात्र निर्मात्याची अनुमती असेल तरच ती वापरावी.

भार मोजणे अवघड नाही. भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा करावा, चाकांना उटी लावावी आणि धुरा प्रवासात असतो त्याच उंचीवर राहील अशा बेताने वजनकाट्यावर टेकवावा. एकूण वजन मात्र सार्वजनिक काट्यावरच करावे; कागदावरील रिकाम्या ट्रेलरचे वजन येथे कामाचे नाही. निघण्यापूर्वी जोडणीची खीळ, धुऱ्याखाली एकमेकींना छेदून बांधलेल्या साखळ्या, दिवे, टायरांतील हवा आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक पाहावे. युरोपात ७५० किलोंहून अधिक वजनाच्या ट्रेलरांना ब्रेक सक्तीचे आहेत. अमेरिकेत ही मर्यादा राज्यागणिक बदलते.

वेगाविषयी कायदेही सावध आहेत. ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीस कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची, तर जर्मनीत सामान्यतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ताशी ६० किलोमीटरवरून ९० वर गेल्यास गतिज ऊर्जा सव्वादोनपट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सावधगिरी अनाठायी वाटणार नाही. तरीही हेलकावे सुरू झालेच, तर वेग वाढवून त्यांतून सुटण्याचा मोह टाळावा. चक्र सरळ व स्थिर धरावे, उलटसुलट फिरवू नये. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच उचलावा. मोटारीचा ब्रेक जोराने दाबू नये. ट्रेलरचे विजेवर चालणारे ब्रेक हाताने लावण्याची सोय असल्यास तेवढेच हळूहळू लावावेत, म्हणजे ट्रेलर मागे ताणला जाऊन सरळ होतो. नंतर सुरक्षित जागी थांबून सामानाची मांडणी बदलावी. कारण हेलकावा हा अपघात नसून इशारा आहे, आणि मांडणी तीच राहिली तर तो पुन्हा येणारच.

सारांश, मोटारीची शक्ती, जोडणीची मजबुती आणि चालकाचे कौशल्य यांना महत्त्व आहेच. पण गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी, सामान भरतानाच निम्मा निकाल लागलेला असतो. जुन्या गाडीवानाने ओझे लादल्यावर जू उचलून पाहावे आणि मगच बैल जुंपावेत, तसे मोटारचालकाने धुरा काट्यावर टेकवून पाहावा आणि मगच निघावे.