हातातले जुने गेम : किंमत वेगळी, मोल वेगळं



दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आपल्या खराडीतल्या फ्लॅटमध्येही लॉफ्टवरून एखादी पिशवी खाली येतेच. त्यात जुने चार्जर असतात, बंद पडलेले रिमोट असतात आणि कधीकधी बाबांच्या किंवा मामाच्या लहानपणीचा एखादा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमही असतो. मुलं लगेच विचारतात, "हे विकलं तर किती मिळतील?" मोठे म्हणतात, "काही नाही, भंगारात टाक." प्रश्नातही घाई आणि उत्तरातही घाई. वस्तू नेमकी काय आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं. ते कसं पाहायचं आणि त्यातून मुलांना काय शिकवता येईल, हे आज समजून घेऊया.

हे गेम आले कुठून?

१९८० साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम अँड वॉच' नावाचे छोटे गेम बाजारात आणले. यंत्र खिशात मावेल एवढं, त्यात एक गेम आणि सोबत घड्याळ. ही कल्पना गुनपेई योकोई यांची. १९८२ मध्ये याच मालिकेतल्या 'डाँकी काँग'वर अधिक चिन्हासारखं बटण आलं. आज मुलांच्या हातातल्या कंट्रोलरवर दिसतं ना, त्याचं मूळ तिथे आहे.

१९८९ मध्ये त्याच कंपनीचा 'गेम बॉय' आला. यात कॅसेट बदलली की गेम बदलायचा. पडदा हिरवट-करडा, आतून दिवा नाही. त्याच वर्षी अटारी कंपनीचा 'लिंक्स' आला, तो रंगीत आणि उजळ पडद्याचा होता. पण तो सहा पेन्सिल सेल काही तासांतच संपवायचा. गेम बॉय मात्र चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान नव्या पद्धतीने वापरायचं, हे योकोईंचं सूत्र होतं. वर्गात 'नवीन म्हणजेच चांगलं का?' यावर बोलायचं असेल, तर याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

आपल्याकडे गेम बॉय बहुतेक घरांत आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकाच्या बॅगेतूनच यायचा. नव्वदच्या दशकात बाजारात सगळीकडे दिसायचा तो 'ब्रिक गेम'. त्यावर ऐटीत लिहिलेलं असायचं, '९९९९ इन १'! प्रत्यक्षात गेम मोजकेच. वेग आणि पातळी बदलली की तोच गेम नवा म्हणून मोजलेला. त्याचा मुख्य खेळ म्हणजे मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये तयार केलेल्या 'टेट्रिस'ची नक्कल.

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे

पालकांचा नेहमीचा गैरसमज असा, की वस्तू तीस वर्षं जुनी आहे म्हणजे महाग असणार. पण गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ 'गेम बॉय कलर' मिळून जगभरात जवळपास १२ कोटी विकले गेले. इतकी संख्या असेल तर नुसत्या वयामुळे किंमत कशी वाढणार? किंमत ठरवताना पुढचे पाच प्रश्न विचारा.

१. मॉडेल कोणतं? यंत्र उलटं करून मागचा क्रमांक वाचा. पहिल्या गेम बॉयवर 'डीएमजी-०१' असं असतं.

२. अस्सल की नक्कल? लेबलची छपाई फिकट आहे का, स्पेलिंग चुकलंय का, ते बघा. चारशे गेम एकात भरलेलं चकचकीत 'रेट्रो' यंत्र हल्ली ऑनलाइन मिळतं, ते नवीनच असतं. खेळायला ठीक, पण संग्रहाची वस्तू नव्हे.

३. चालू आहे का? पडद्यावर उभ्या रेघा गायब आहेत का? आवाज येतो का? सगळी बटणं दाबली जातात का?

४. पूर्ण आहे का? मूळ खोका, माहितीपुस्तिका आणि सेलचं झाकण. सेलचं झाकण तर हमखास हरवलेलं असतं. खोका मुलांनी पहिल्याच दिवशी फाडलेला असतो, म्हणून टिकलेल्या खोक्याला भाव येतो.

५. कुणाला हवं आहे? ऑनलाइन कुणीही कितीही किंमत लिहू शकतो. मागितलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते पाहा.

मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात शोधायला जाणार असाल, तर स्वतःचे चार सेल बरोबर न्या. चालवून बघा, मगच पैसे द्या.

सांभाळायचं कसं?

पहिलं काम म्हणजे सेल काढून ठेवा! वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल गळतात आणि पट्ट्या खातात. पांढरी पूड दिसली तर हातमोजे घालून जुन्या कोरड्या टूथब्रशने झाडा. अल्कलाईन सेलची गळती असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसता येते. हे काम मोठ्यांनीच करायचं बरं का.

गेम बॉय सुरू होताना कॅसेटमधलं कंपनीचं नाव वाचून तपासतो. त्या जागी काळा चौकोन किंवा विस्कटलेली अक्षरं आली, तर बहुतेक वेळा कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या मळलेल्या असतात. आपण लहानपणी फुंकर मारायचो, ती सवय सोडा. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला इअरबड हलक्या हाताने फिरवा. काही कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपणारा बटणसेल असतो. तो संपला की जपलेला खेळ पुसला जातो, यंत्र मात्र बिघडलेलं नसतं.

मोल कशात आहे?

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय मुलांना दाखवलं असेलच. तिथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, वाद्यं आहेत. बहुतेक वस्तू एकेकाळी रोजच्या वापरातल्या. दिनकर केळकरांनी त्या गावोगाव फिरून जमवल्या, म्हणून आज आपल्याला जुनं घर कसं चालायचं ते कळतं. ब्रिक गेम ही नव्वदच्या दशकातली तशीच रोजची वस्तू. बाजारात त्याला फारसा भाव नाही. पण घरात तो कुणी आणला, भावंडांनी पाळी कशी लावली, हे सांगणारं माणूस आहे तोवरच त्याची गोष्ट आहे. ती लिहून ठेवली नाही, तर पुढच्या पिढीला ते फक्त प्लास्टिक.

वर्गात किंवा घरी करून पाहा

प्रत्येक मुलाने घरातल्या एका जुन्या खेळाचं कार्ड बनवावं. नाव, मॉडेल, अंदाजे वर्ष, कुणी आणला, कुठून, चालू की बंद, काय हरवलंय आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलेली एक आठवण. कार्डाच्या एका कोपऱ्यात 'किंमत' आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'मोल' लिहायला सांगा. दोन्ही कोपरे का जुळत नाहीत, यावर एक तास सहज जातो.

गणिताच्या तासाला टेट्रिस घ्या. चार चौकोन कडेला कड जोडून किती आकार बनतात? उलटून ठेवलेले एकच धरले तर ५, वेगळे धरले तर ७. ब्रिक गेमच्या पडद्यावर आडवे १० आणि उभे २० चौकोन असतात. मग चार चौकोनांचे जास्तीत जास्त किती तुकडे त्यात मावतील? मुलांना चौकटीच्या वहीत करू द्या.

आणि इतकं करूनही वस्तू ठेवायची नाही असं ठरलं, तर तिला ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत हातातले व्हिडिओ गेमही येतात, म्हणून ते ई-कचरा संकलनातच द्या. पण देण्याआधी एक फोटो काढा आणि कार्ड भरून घ्या. यंत्र गेलं तरी त्याची नोंद घरात राहील.