विजेवरची मोटार : घ्यावी, की नवी येईपर्यंत थांबावे?



२०२५ च्या श्रावणात एका गावी देवळात ऊस पीक चर्चासत्र होते. आडसाली लागणीचे दिवस. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, की पाडेगावहून नवी जात येणार आहे असे ऐकून लागण लांबवू नका. हाताशी को ८६०३२ चे शुद्ध बेणे असेल तर तेच वेळेवर लावा. तेवढ्यात मागून एक तात्या उठले आणि म्हणाले, "सायेब, आमास्नी सांगतायसा थांबू नका म्हणून. आन् तुमी सोता एका मोटारीसाठी आठ म्हयनं थांबलायसा. आज बी तुमची गाडी आमच्या पोरांनीच ढकलून चालू केली न्हवं?"

देवळात हशा पिकला. मलाही हसू आले, पण उत्तर सुचले नाही. त्यानंतर गटात जिथे जाईन तिथे हाच विषय निघू लागला. कुणाला विजेची मोटार घ्यायची होती, कुणाच्या मुलाचा हट्ट होता, कुणाला ऊस बिलाचा हप्ता हातात असताना काय करावे ते कळत नव्हते. मी कृषी पदविकेचा माणूस, मोटारीतला इंजिनियर नव्हे. तरीही नऊ महिने जी आकडेमोड केली ती सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

माझी फिरती रोज सरासरी ८० किलोमीटर. वर्षातले ३०० दिवस धरले तर २४,००० किलोमीटर. जुनी गाडी डिझेलवरची, अकरा वर्षे झालेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मारुतीने आपली पहिली विजेची मोटार, ई-विटारा, मांडली. ४९ आणि ६१ युनिटांच्या दोन बॅटऱ्या. मनात म्हटले, मारुतीचे वर्कशॉप तालुक्याला आहे, मेस्त्री ओळखीचा आहे, दोन-चार महिने कळ काढू. आणि तोवर बाकीच्या गाड्या बघून ठेवू म्हणून जुन्या ऊस नोंद रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर टिपणे काढायला सुरुवात केली.

आता हे 'युनिट' प्रकरण आधी समजून घ्या, म्हणजे शोरूममधला मुलगा काय बोलतो ते कळेल. तो 'किलोवॅट अवर' म्हणतो, ते म्हणजे आपल्या वीजबिलातले युनिटच. ३५ युनिटांची बॅटरी म्हणजे ३५ युनिट मावणारी टाकी. एका युनिटात गाडी आपल्या रस्त्यांवर साधारण सात किलोमीटर जाते असे धरा. सपाट रस्ता, हलका पाय असेल तर आठही जाते. घाट, चार माणसे आणि वातानुकूलन लावले तर सहावर येते. हा हिशेब पाठ असला की जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवता येतो.

कारण जाहिरातीतला आकडा हा चाचणीतला असतो. संशोधन केंद्राच्या प्लॉटवरचे एकरी टनेज आणि आपल्या रानातले टनेज यात जो फरक, तोच इथे. टाटाच्या नेक्सॉनचे उदाहरण घ्या. ४५ युनिटांच्या गाडीचा चाचणीतला पल्ला ४८९ किलोमीटर. पण प्रत्यक्षात ३५० ते ३७० मिळतील असे कंपनी आता स्वतःच सांगते. ही चांगली गोष्ट आहे. इतर कंपन्यांच्या आकड्यांतून आपणच चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा वजा करावा.

माझ्या रजिस्टरात ज्या गाड्या आल्या त्यांची थोडक्यात हकीकत अशी. टाटाची टियागो सर्वांत स्वस्तातली. १९ आणि २४ युनिटांच्या आसपासच्या दोन बॅटऱ्या. ज्यांचे फिरणे गाव, बाजार आणि कारखाना एवढेच, त्यांना पुरेल, पण पुण्याला जायचे तर वाटेत थांबणे आले. पंच जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा २५ आणि ३५ युनिटांत आली. बसायला उंच, बांध ओलांडायला बरी. ह्युंदाईची क्रेटा ४२ आणि ५१ युनिटांची. महिंद्राच्या दोन गाड्या, बीई-६ आणि एक्सईव्ही-९ई, ५९ आणि ७९ युनिटांच्या. कराडला शोरूममध्ये बसून आलो. देखण्या आहेत यात वाद नाही, पण ऊस विकास अधिकारी त्यातून उतरला तर फडातली टोळी आधी पळून जाईल! किमती मी मुद्दाम देत नाही. त्या दर दोन-तीन महिन्यांनी हलतात.

एमजीच्या विंडसरवर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण तिथे आपला माणूस चुकण्याची शक्यता आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही ३८ युनिटांची गाडी ९ लाख ९९ हजारांना जाहीर झाली आणि सगळीकडे 'स्वस्त, स्वस्त' झाले. पण ती किंमत बॅटरी वगळून होती. बॅटरी भाड्याने, किलोमीटरला साडेतीन रुपये. (पूर्ण किंमत देऊन बॅटरीसह घेण्याची सोयही होती.) आता हिशेब पाहा. वीज १२ रुपये युनिट धरली तर किलोमीटरला सुमारे १ रुपया ७० पैसे. त्यात साडेतीन भाडे मिळवा, झाले ५ रुपये २० पैसे. माझी डिझेलची गाडी लिटरला १६ जाते. डिझेल ९० रुपये धरले तर किलोमीटरला ५ रुपये ६० पैसे. म्हणजे फरक उरला चाळीस पैशांचा! माझ्यासारख्याने भाड्याची बॅटरी घेतली असती तर वर्षाला ८४,००० रुपये नुसते भाडे गेले असते. गाडी वाईट नाही, पण भाड्याचा सौदा थोडे फिरणाऱ्याचा आहे.

बॅटरी स्वतःची असेल तर किलोमीटरमागे ३ रुपये ९० पैसे वाचतात. २४,००० किलोमीटरला ९३,६०० रुपये. पण जो सभासद वर्षाला चार हजार किलोमीटरच फिरतो, त्याचे वाचतात पंधरा-साडेपंधरा हजार. तेवढ्यासाठी जादा दोन-तीन लाख रुपये गुंतवणे मला पटत नाही, मग मुलगा रागावला तरी चालेल. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. विजेच्या गाडीवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. त्यामुळे दोघींच्या किमतीतले अंतर उलट वाढले.

टोल माफ आहे असे बरेच जण सांगतात. राज्याच्या २०२५ च्या धोरणात पूर्ण माफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर. आपण जातो त्या बंगलोर रस्त्यावर तासवडे, आणेवाडी, खेड-शिवापूर इथे पैसे कापलेच जातात.

हे सगळे लिहून काढेपर्यंत मे महिना उजाडला आणि माझी अडचण निराळीच झाली. मेमध्ये विंडसरची मोठ्या बॅटरीची गाडी आली. जूनमध्ये टाटाची हॅरियर आली. प्रत्येक वेळी रजिस्टरचे नवे पान सुरू. ई-विटारा मात्र येईना. ऑगस्टच्या २६ तारखेला गुजरातेतील हंसलपूरच्या कारखान्यातून तिला झेंडा दाखवला गेला. मी पेढे आणायच्या बेतात होतो. पण त्या गाड्या पिपावाव बंदरातून युरोपला निघाल्या होत्या.

इकडे जुलैत माझ्या डिझेल गाडीचा पंप आणि नोझल गेले. ३८,००० रुपये. तात्यांचे बोलणे मनाला लागले होतेच. एका रात्री बसून थांबण्याचाच हिशेब मांडला. महिन्याला ७,८०० रुपये वाचले असते. नऊ महिन्यांचे ७०,००० आणि वर हे ३८,०००. लाखावर आठ हजार मी वाट पाहण्यात घातले होते. लागण लांबवली की एकरी किती टन जातात ते मी सभासदांना फळ्यावर लिहून दाखवतो. हा हिशेब कुणी मला दाखवला नाही, तात्यांनी सोडून.

मग रजिस्टर मिटले आणि महिनाभर फक्त रोजचे किलोमीटर डायरीत लिहिले. सर्वांत मोठा दिवस १३२ किलोमीटरचा निघाला. १३२ ला १९ युनिट लागतात. ३५ युनिटांची टाकी पुरून उरते. ६१ कशाला पाहिजे होती ते मला सांगता येईना. पाडव्याला ३५ युनिटांची पंच दारात आली.

तिच्यातही उणे आहेच. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांत जे आधी होईल ते. माझ्या फिरतीला किलोमीटर पावणेसात वर्षांतच संपतात. नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या गाडीला जुलै २०२५ मध्ये आजीवन हमी मिळाली, पण ती पहिल्या मालकालाच आणि 'आजीवन' म्हणजे पंधरा वर्षे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हा कागद आधी पाहावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, जे कोणत्याही जाहिरातीत नसते : घरातले अर्थिंग. गाडी येण्याआधी वायरमनने येऊन तपासले तेव्हा आमच्या घरचे अर्थिंग नावालाच होते. चुलत्यांनी बांधकामावेळी पुरलेला पाइप गंजून गेला होता. अर्थिंग नीट नसेल तर गाडी वीज घेतच नाही, आणि ते बरेच आहे, नाहीतर लोखंडाला हात लावणाऱ्याचा जीव जायचा. नवा खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी असे सगळे करून घेतले. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे विसरू नका.

साधा घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे साधारण साडेचार हॉर्सपॉवरची मोटर रात्रभर चालू ठेवल्यासारखे. मोठा ७.२ किलोवॅटचा घेतला तर दहा हॉर्सपॉवर. घराचा मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा आणि वाढवून घ्या. ८० किलोमीटरचे साडेअकरा युनिट चार तासांत भरतात. आणि कृपा करून विहिरीवरच्या शेतीपंपाच्या मीटरवर मोटार लावू नका. तो वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. छपरावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर दिवसाला सुमारे १२ युनिट तयार होतात, म्हणजे माझी रोजची गरज. त्याला केंद्राचे ७८,००० रुपये अनुदान आहे. माझे अजून व्हायचे आहे.

राहता राहिला इथेनॉलचा प्रश्न. एका संचालकांनीच हसत विचारले, "कारखाना इथेनॉल विकतो आणि तुम्ही विजेची गाडी घेता?" प्रश्न योग्य आहे. माझी गाडी डिझेलची होती, तिच्यात इथेनॉल नव्हतेच, म्हणून मी सुटलो. पण पेट्रोल गाडी सोडून विजेची घेणाऱ्या सभासदाला हा हिशेब चुकत नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर, लिटरला १६, म्हणजे ७५० लिटर पेट्रोल. त्यात २० टक्के म्हणजे १५० लिटर इथेनॉल. थेट रसापासून टनाला ७० लिटर धरले तर दोन टन उसाची मागणी एका गाडीमागे गेली. आज अशा गाड्या थोड्या आहेत. पण डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधन घातले तेव्हा आपली कशी धावपळ झाली ते आठवा. एकाच गिऱ्हाइकावर किती भिस्त ठेवावी हा विचार शेती खात्याने आणि संचालक मंडळाने आत्ताच केलेला बरा. बगॅसची वीजही आपणच विकतो. मी १२ रुपयांनी घेतो तिच्यापेक्षा पुष्कळच कमी दराने ती कारखान्यातून जाते. ही खंत मात्र कोणत्याही मोटारीने मिटणारी नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये ई-विटारा अखेर आपल्याकडे दाखवली गेली. चाचणीतला पल्ला ५४३ किलोमीटर. किंमत त्या दिवशीही सांगितली नाही. बातमी वाचून मी घटकाभर गप्प होतो, खोटे कशाला सांगू. घरच्यांनी फक्त विचारले, "रजिस्टर काढायचे का पुन्हा?" मी चहा मागितला आणि विषय बदलला.

गाडी पाहायची असेल त्यांनी शनिवारी सकाळी गट कार्यालयात यावे. महिन्याभराच्या किलोमीटरची डायरी आणि विजेचे शेवटचे बिल बरोबर आणावे, म्हणजे जागेवर हिशेब करून देता येईल. खोडव्याच्या नोंदीचा फॉर्मही भरून आणावा. आमच्या गटातल्या बऱ्याच सभासदांच्या नोंदी अजून यायच्या आहेत.

— ऊस विकास अधिकारी, शेती खाते