दुचाकीच्या चार्जिंग यंत्रणेतील आवर्ती बिघाड : कारणमीमांसा व तपासणीचा क्रम

बीजशब्द : स्टेटर, आरआर युनिट, बॅटरी, विद्युतरोध, अर्थिंग

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीस प्रवेश नाही. त्यामुळे तळेगाव दाभाडे परिसरातील कामगार, विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या दुचाकी जुन्या महामार्गाने वडगाव, कामशेत, लोणावळ्याकडे अथवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्याकडे धावतात. मावळातील पावसाळा त्या उघड्यावर सोसतात. अशा वाहनांविषयी एक तक्रार वारंवार ऐकू येते. बॅटरी नवी घातली, ती काही महिन्यांत उतरली. मग आरआर युनिट बदलले, तेही जळाले. शेवटी कॉइल भरून घेतली, तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. खर्च होत राहतो, बिघाड मात्र जात नाही.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटता राहणे बंधनकारक झाले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी विजेवर चालणारा इंधनपंप आला. पूर्वी बॅटरी उतरली तरी किक मारून घर गाठता येई. आता अनेक वाहनांना किकच नसते, आणि विद्युतदाब फार घसरला की इंजिनही बंद पडते. रात्री, पावसात, घाटात असे होणे जिवावर बेतू शकते. म्हणून प्रस्तुत लेखात या बिघाडाच्या पुनरावृत्तीची कारणे व तपासणीचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे.

यंत्रणेचे स्वरूप

इंजिनाबरोबर फिरणारे कायम चुंबक स्थिर कॉइलमध्ये, म्हणजे स्टेटरमध्ये, प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतात. आरआर युनिटमधील डायोड त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतात व नियामक भाग दाब सुमारे 14 ते 14.5 व्होल्टवर रोखतो. तो प्रवाह बॅटरी व दिवे यांना मिळतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चुंबक कायमचे असल्याने निर्मिती कमी करता येत नाही. प्रचलित शंट प्रकारचा नियामक जास्तीचा प्रवाह कॉइलमध्येच परत फिरवतो. म्हणून दिवे बंद ठेवल्याने कॉइलला विश्रांती मिळते, हा समज अशा वाहनांबाबत खरा नाही; वेगात चालताना कॉइल व युनिट तापतच असतात. उलट जादा फॉग दिव्यांचा खरा फटका कमी वेगात बसतो. 40 वॅटचे दिवे सुमारे 3 अँपिअर प्रवाह घेतात. वाहतूक कोंडीत निर्मिती तेवढी नसली, तर तूट बॅटरीतून भरली जाते.

पुनरावृत्तीचे मूळ

जळालेला भाग हा पुष्कळदा बिघाडाचे कारण नसून परिणाम असतो. मूळ दोष बहुधा सॉकेटमध्ये किंवा अर्थिंगमध्ये दडलेला असतो. पाणी शिरून सॉकेटच्या पिना गंजल्या व तेथे केवळ 0.1 ओहम रोध वाढला असे समजू. 10 अँपिअर प्रवाहास ओहमच्या नियमानुसार 1 व्होल्ट तेथेच खर्च होतो आणि 10 वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगचे साधे उपकरण 25 वॅटचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे नखाएवढ्या पिनेजवळचे प्लास्टिक का वितळते ते उमगते. उष्णतेने पिन सैल होते, रोध आणखी वाढतो, आणि हे चक्र चालू राहते.

दाब मोजणाऱ्या तारेतच असा रोध असेल, तर नियामकाला दाब प्रत्यक्षाहून कमी भासतो व तो बॅटरीला अधिक चार्ज करतो. बॅटरीतील पाणी आटते. मुख्य तारेत रोध असेल, तर बॅटरी सदैव अर्धपोटी राहते व तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचते. दोन्ही प्रकारांत दोष बॅटरीच्या माथी मारला जातो.

तपासणीचा क्रम

प्रथम बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून काही तास ठेवावी, दाब 12.6 व्होल्ट वा अधिक असावा. दुसरे, इंजिन सुमारे 4000 ते 5000 फेऱ्यांवर ठेवून बॅटरीवर दाब पाहावा. तो 13 व्होल्टखाली राहिला तर चार्जिंग होत नाही, आणि 15 च्या वर गेला तर नियमन होत नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा वगळली जाते. इंजिन चालू व दिवे पेटते ठेवून मल्टिमीटरचे एक टोक युनिटच्या धन तारेला व दुसरे बॅटरीच्या धन टोकाला लावावे. ऋण बाजूसही तसेच करावे. फरक 0.2 व्होल्टहून अधिक आढळल्यास दोष त्या मार्गात आहे. सॉकेट बदलावे, अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करावा.

चौथे, स्टेटरचे सॉकेट सोडवून तीन तारांतील प्रत्येक जोडीवर प्रत्यावर्ती दाब मोजावा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत व कोणत्याही तारेचा इंजिनाच्या धातूशी संपर्क नसावा. हे सर्व ठीक असेल, तरच आरआर युनिटवर संशय घ्यावा. अखेरीस किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या ऋण तारेत अँपिअरमापक जोडावा व गळती पाहावी. 50 मिलिअँपिअरची गळतीही 5 अँपिअर-तासांची बॅटरी 100 तासांत, म्हणजे जेमतेम चार दिवसांत, रिकामी करते. स्टेशनवर उभ्या राहणाऱ्या दुचाकीस हे विशेष लागू पडते. मापक जोडलेला असताना सेल्फ मारू नये. इंजिन चालू असताना बॅटरी कधीही सोडवू नये.

निष्कर्ष

भाग बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो भाग का गेला हे कळणे ही दुरुस्ती. वरील तपासणीस साधा मल्टिमीटर व तासाभराचा अवधी पुरतो. प्रत्येक मापन तारखेसह वहीत नोंदवले, तर पुढील पावसाळ्यात तुलना करता येते. ओहमचा नियम, विद्युतचुंबकीय प्रवर्तन व डायोड हे घटक आपण वर्गात शिकवतोच. महाविद्यालयाच्या वाहनतळावरील एखादी दुचाकी प्रात्यक्षिकास घेतली, तर विद्यार्थ्यांस ते विषय प्रत्यक्ष दिसतील, आणि रात्री घरी परतणाऱ्या कुणाचा तरी दिवा वाटेत विझणार नाही.