रंगाआडचा आकडा

मुंबई-पुण्याची हवा कशी आहे हे आता रंगांवरून कळते. तो रंग ज्याच्या मोजणीवर ठरतो ते यंत्र मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. तपासणी केंद्राच्या छपरावरील नळीतून ते तासाला सुमारे एक घनमीटर हवा ओढते. मोठे कण वाटेतच अडतात. अडीच मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, म्हणजेच पीएम २.५, आतल्या फितीवर जाऊन बसते. धूळ बसण्याआधी आणि बसल्यावर फितीतून बीटा किरण सोडतात. किती किरण अडले त्यावरून धुळीचे वजन निघते आणि फीत पुढे सरकते. आत येणारी हवा किंचित तापवलीही जाते, कारण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि पाण्याचे वजन धुळीच्या नावावर चढते. स्वस्त सेन्सर गल्लोगल्ली बसवावेत, पण त्यांतल्या बहुतेकांत ही सोय नसते. या यंत्राशेजारी ठेवून ते पडताळल्याशिवाय पावसाळ्यातल्या त्यांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

इतक्या कष्टाने मिळवलेला आकडा आपण रंगात बुडवतो, ही माझी तक्रार आहे. २०१४ च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकानुसार पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असले की हवा ‘चांगली’, ६० पर्यंत ‘समाधानकारक’. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा आहे १५. शिवाय निर्देशांक ठरतो सर्वांत वाईट ठरलेल्या एकाच प्रदूषकावर. ओझोनमुळे आलेला १५० आणि बांधकामाच्या धुळीमुळे आलेला १५० यांचा रंग एकच. उपाय मात्र अगदी वेगळे.

सामान्य माणसाला मायक्रोग्रॅम काय कळणार, असे विचारले जाते. दम्याच्या रुग्णाने सकाळी फिरायला जावे का, हे ठरवायला रंग पुरतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१० मध्ये दिल्लीत, २०१३ मध्ये पुण्यात आणि २०१५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘सफर’ या हवा गुणवत्ता सेवेने तर पुढच्या दिवसांचा अंदाजही देऊ केला. ही सेवा मोलाचीच आहे. पण शहराची प्रकृती एका दिवसाच्या रंगावरून जोखता येत नाही. हिवाळ्यात वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत कोंडते आणि गाड्या-भट्ट्या तेवढ्याच असूनही आकडा चढतो. मुंबईत खारे वारे जोरात वाहू लागले की उतरतो. उतरला म्हणून महापालिकेला शाबासकी देणे आणि चढला म्हणून एकट्या तिलाच दोष देणे, दोन्ही चूक. वाऱ्याचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळा काढायचा तर एकाच जागी, वर्षानुवर्षे, खंड न पडता ठेवलेली नोंद लागते. म्हणूनच केंद्र हलवणे किंवा महिनोन्‌महिने बंद ठेवणे ही किरकोळ तांत्रिक बाब मानता येत नाही.

मोजून हवा सुधारते का? आपोआप नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचे आकडे चढले तेव्हा महापालिकेला बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढावी लागली आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मोजणीच नसती तर ‘धुके पडले आहे’ एवढ्यावर भागले असते.

आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण अहवाल महापालिकेपुढे मांडावा, असे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६७अ सांगते. त्या अहवालात प्रत्येक केंद्राची वार्षिक सरासरी, मागच्या दहा वर्षांच्या सरासऱ्या आणि ते केंद्र वर्षभरात किती तास बंद होते, हे छापले पाहिजे.