मनगटावर काय बांधायचे?

माझे वडील देवनारला कचऱ्याच्या गाडीवर लोडर होते. नोकरी कंत्राटदाराकडची. वर्षातून एकदा गमबूट मिळत, तेही सगळ्यांना एकाच मापाचे. वडील ते घरी आणत आणि घोट्याच्या वर चार बोटे ठेवून बाकीचे ब्लेडने कापून टाकत. मुकादमाने एकदा त्याबद्दल त्यांचा पगार कापला. ‘फुकट मिळालेल्या वस्तूची यांना किंमत नाही,’ असे तो म्हणाला होता आणि तेव्हा शाळेत जाणाऱ्या मलाही ते खरेच वाटले होते.

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, ते शिकवू लागलो, तेव्हा कळले की वडिलांनी वस्तूची नासधूस केली नव्हती, एक तांत्रिक निर्णय घेतला होता. उंच बुटात वरून पाणी शिरले की ते बाहेर पडत नाही. पाय दिवसभर घाम आणि घाण पाण्यात भिजतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी सोलवटते. फुटक्या काचेपासून आणि इंजेक्शनच्या सुईपासून पाय वाचला पाहिजे आणि तो बुटात कुजताही कामा नये, अशा या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जाणाऱ्या होत्या. बुटाची उंची कमी करून वडिलांनी त्यांत तोल साधला. जो विचार बूट बनवणाऱ्याने करायला हवा होता तो बूट घालणाऱ्याने केला आणि वर दंडही भरला.

अंगावर घालायच्या प्रत्येक साधनामागे अशी तडजोड असते. आज बुटाची आणि हातमोज्याची जागा यंत्रे घेऊ लागली आहेत. नाडी मोजणारी पट्टी, ठावठिकाणा सांगणारे घड्याळ, विषारी वायूचा इशारा देणारी डबी, या सर्वांना मिळून ‘वेअरेबल’ असे नाव पडले आहे. त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा श्रीमंतांच्या मनगटावरील घड्याळांविषयी लिहिले जाते. परंतु आपल्या देशात नोकरीची अट म्हणून असे यंत्र ज्यांच्या हाताला बांधण्यात आले त्यांत सफाई कामगार आघाडीवर आहेत. म्हणून हा विषय आपला आहे आणि तो मुळापासून समजून घेतला पाहिजे.

असे यंत्र पाच गोष्टींचे बनते. काहीतरी मोजणारा सेन्सर, त्या मोजमापाचा हिशेब करणारी चकती, तो दुसरीकडे पाठवणारा रेडिओ, या तिघांना पोसणारी बॅटरी आणि हे सर्व अंगाला धरून ठेवणारा पट्टा. यांतील बॅटरी ही खरी अडचण. बॅटरीत किती वीज मावेल हे मुख्यतः तिच्या आकारावर व वजनावर ठरते आणि मनगटावर तर थोडेच वजन सोसते. म्हणजे घरात पैसा मोजका असला की जे होते तेच येथे होते. एका गोष्टीवर खर्च केला की दुसरीला कात्री लागते. ठावठिकाणा सतत हवा असेल तर उपग्रहांचे संकेत पकडणारा जीपीएस सतत चालू ठेवावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते. तो दर दहा मिनिटांनी चालू केला तर बॅटरी टिकते, पण मधल्या दहा मिनिटांत माणूस कुठे होता ते कळत नाही. त्यातही उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत हे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि यंत्र माणसाला भलत्याच ठिकाणी दाखवते. अचूकपणा, टिकाऊपणा, वजन आणि किंमत हे चारही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. कशाला झुकते माप द्यायचे हे कुणीतरी ठरवते. तो ‘कुणीतरी’ कोण, हा या लेखाचा प्रश्न आहे.

नागपूर महापालिकेने २०२० पूर्वीच आपल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएसची घड्याळे बांधली. नवी मुंबई आणि चंदीगड येथेही तशीच घड्याळे आली. नेमून दिलेल्या हद्दीत कामगार नेमलेल्या वेळी आहे की नाही हे ते घड्याळ कार्यालयाला कळवते आणि हजेरी त्यावरून लागते. कामगारांच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून आल्या आहेत. घड्याळाची बॅटरी उतरली की पगार कापला जातो. सतत कुणीतरी पाहते आहे असे वाटते, लघवीला जायचीही चोरी होते, असे स्त्री कामगारांनी सांगितले. चंदीगडला २०२० साली कामगारांनी या घड्याळांविरुद्ध आंदोलनही केले.

या तक्रारींकडे तांत्रिक दृष्टीने पाहा. बॅटरी उतरणे हा घड्याळाच्या रचनेचा दोष, पण त्याची किंमत कामगाराच्या पगारातून वसूल झाली. संकेत भिंतीवर आपटणे हा निसर्गनियम, पण हद्दीबाहेर गेल्याचा ठपका माणसावर. पट्टा काढता येईल की नाही, जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद राहील की नाही, या गोष्टी रचनाकाराच्या हातातल्या होत्या. तडजोड झाली, पण जिच्या बाजूने झाली ती बाजू कामगाराची नव्हती. ते घड्याळ कामगाराविषयी कार्यालयाला सांगते. कामगाराच्या भोवतालाविषयी ते कामगाराला काहीच सांगत नाही.

आणि सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे! डिसेंबर २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या गोवंडीत एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. अशा टाकीत माणूस का मरतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. मैला हवेविना कुजला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून ‘वास आला की वर येऊ’ असे कामगार समजतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची जाणीवच मरते. वास थांबतो आणि माणसाला वाटते, हवा सुधारली. तो सातशे ते हजार भागांपर्यंत गेला तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. याच कुजण्यातून मिथेन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेले की एक ठिणगी पुरते. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला, त्याच्या पोटातही हाच मिथेन साठतो. जानेवारी २०१६ मध्ये हे डम्पिंग पेटले तेव्हा कितीतरी दिवस आम्ही धुरात श्वास घेतला.

हे वायू मोजणारी, अंगावर घालायची यंत्रे जगात आहेत आणि जुनी आहेत. खाणीत आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांत ती रोज वापरली जातात. हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या नियमांत संरक्षक साधनांची जी यादी आहे, तीतही वायू मोजण्याचे यंत्र आहे. मग अडचण कुठे आहे? येथेही तडजोडीच आहेत, परंतु त्या कामगाराच्या बाजूने विचार केला तरच दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. वायूचे यंत्र मनगटावर बांधून चालत नाही. ते नाकाजवळ, छातीवर किंवा कॉलरला हवे, कारण श्वास तिथली हवा घेतो. मनगट तर गाळात बुडते. म्हणजे मनगट सोयीचे आहे ते हजेरी घेणाऱ्याला. दुसरी गोष्ट पाण्याची. घड्याळ पूर्ण बंद करून पाण्यापासून वाचवता येते, पण वायूच्या सेन्सरला हवा आत येण्यासाठी तोंड ठेवावेच लागते. त्यावर वायू जाऊ देणारा आणि पाणी अडवणारा पातळ पडदा बसवतात. गाळाने तो बुजला की यंत्र ‘सर्व ठीक’ दाखवू लागते. तिसरी बॅटरीची. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर रासायनिक असतो आणि त्याला वीज अगदी थोडी लागते. तेवढा एकच वायू मोजणारी डबी एका बॅटरीवर दोन वर्षेही चालते. मिथेनचा नेहमीचा सेन्सर मात्र तापवलेल्या तारेवर चालतो. तो जोडला की यंत्र रोजच चार्ज करावे लागते आणि वजनही वाढते. चौथी इशाऱ्याची. दहा भागांवरच यंत्र ओरडू लागले तर काम वारंवार थांबते, मुकादम चिडतो आणि यंत्र बंद करून खिशात टाकले जाते. इशारा उशिरा ठेवला तर जीव जातो. पाचवी गोष्ट ठिणगीची. मिथेन असलेल्या जागी यंत्राच्या आतूनही ठिणगी पडणार नाही अशी त्याची खास बांधणी लागते. साधे घड्याळ किंवा मोबाइल तेथे चालत नाही. आणि सहावी देखभालीची. हे सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतात. ठराविक प्रमाणाचा वायू सोडून ते पुनःपुन्हा तपासावे लागतात. खरेदीचे उद्घाटन एकदाच होते. तपासणीचा खर्च दर वर्षी येतो आणि अंदाजपत्रकात कात्री आधी त्यालाच लागते.

यावर एक मोठी मर्यादा आहे, तीही स्पष्ट सांगितली पाहिजे. एक-दोन श्वासांत माणूस पडत असेल तर अंगावरचे यंत्र ओरडेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आधी वरूनच नळी सोडून, वेगवेगळ्या खोलीवरची हवा तपासली पाहिजे. त्याहून सरळ मार्ग म्हणजे माणूस उतरवूच नये, गाळ यंत्राने उपसावा. अंगावरचे यंत्र हा शेवटचा आधार आहे, खाली उतरण्याचा परवाना नव्हे. यंत्र दिले म्हणून माणसाला टाकीत सोडणे ही सर्वांत घातक तडजोड होय.

‘यंत्राला जात नसते,’ असे माझ्या वर्गातील हुशार मुले म्हणतात. यंत्राला नसते हे खरे. परंतु यंत्र कुणाचे शरीर डोळ्यांपुढे ठेवून बनवले, ही गोष्ट त्याच्या आकड्यांत उतरते. नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजणारी यंत्रे कातडीवर प्रकाश टाकतात. काळी कातडी तो प्रकाश अधिक शोषते. करोनाच्या साथीत, २०२० साली, अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की रक्तातला प्राणवायू धोकादायकपणे घटलेला असूनही बोटावरच्या यंत्राने तो ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. कुणी ठरवून हे केले नाही. मात्र यंत्र जुळवताना कोणती कातडी समोर नव्हती, ते त्या आकड्यांवरून कळते.

आपल्याकडे तर अंगावर काय घालावे हे ठरवण्याचा इतिहास फार जुना आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्याची नोंद केली आहे. पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा, पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवावे, असा दंडक होता. रचनाशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो काळा दोरा हे एक परिपूर्ण यंत्र होते. वजन नाही, खर्च नाही, बॅटरी नाही! तो एकच माहिती देत असे आणि ती बांधणाऱ्याच्या नव्हे, पाहणाऱ्याच्या सोयीची असे. आजचे घड्याळ म्हणजे तो दोरा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि पुरते खरेही नाही. परंतु मनगट तेच आहे आणि माहितीची दिशाही अजून तीच आहे.

ती दिशा बदलता येते, म्हणूनच हा विषय निषेधावर संपवू नये. हजेरीची नोंद ही कामगाराला नकोशी गोष्ट नाही. उलट कंत्राटी कामगाराचे सर्वांत मोठे दुखणे हे की, आपण काम केले याचा कागद त्याच्याकडे नसतो. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाला २,७०० कंत्राटी कामगार कायम करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले, तेव्हा २०१७ मध्ये निकाल मिळाला. त्याच घड्याळातील नोंद कामगाराच्या हाती राहिली, तिची प्रत त्याच्या संघटनेला मिळाली, तर तीच नोंद जादा कामाचा आणि कायम नोकरीचा पुरावा होईल. यंत्र तेच, बॅटरीही तीच. फरक पडतो तो फक्त नोंद कुणाच्या मालकीची यात.

म्हणून आपल्या वस्तीत, आपल्या खात्यात असे कोणतेही यंत्र आले की कार्यकर्त्यांनी काही साधे प्रश्न विचारावेत. हे काय मोजते आणि ते कुणाला कळते? ते चुकले तर नुकसान कुणाचे? ते केव्हा काढून ठेवता येते? त्याची तपासणी कोण आणि किती दिवसांनी करणार? आणि ते बनवण्यापूर्वी ते घालणाऱ्या किती माणसांना विचारले? देवनारहून पवई फार लांब नाही. तेथील आयआयटीत औद्योगिक रचनेचे शिक्षण १९६९ पासून दिले जाते. आपली मुले तेथे पोचू लागली आहेत. त्यांनी हे प्रश्न आपल्याबरोबर वर्गात न्यावेत. परीक्षेत ते येणार नाहीत. तरीही विचारावेत.

वडील आता नाहीत. त्यांचा कापलेला एक बूट मी ठेवला आहे आणि दर वर्षी नव्या वर्गाला तो दाखवतो. ब्लेडने कापलेली ती कड वाकडीतिकडी आहे. हा कुणी कापला, असे मुले विचारतात. मी सांगतो, ज्याला तो घालायचा होता त्याने.